हँडल लॉक केलं म्हणजे गाडी सुरक्षित? या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाची गाडी मंगल कार्यालयाच्या दारातून गेली. हँडल लॉक होतं, किल्ली खिशात होती. जेवणाची पंगत उठेपर्यंत गाडी गायब. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतो की नुसत्या हँडल लॉकवर विसंबू नका.

त्या लॉकमध्ये असते बोटाएवढी लोखंडी खिट्टी. हँडलला जोरात हिसका दिला की ती तुटते. मग सॉकेटच्या वायरी जोडून गाडी 'डायरेक्ट' करतात, नाहीतर दुसऱ्या गाडीवरून पाय लावून टोचन देत नेतात. रस्त्यावर टोचन दिलेली गाडी दिसली तर पेट्रोल संपलं असेल असंच आपल्याला वाटतं, कुणी हटकत नाही.

जुन्या गाड्यांचं दुखणं वेगळं. आठ-दहा वर्षं वापरून लॉक इतकं झिजतं की दुसऱ्याच गाडीची किल्लीही फिरते. तुमची किल्ली गाडी चालू असताना अलगद बाहेर निघत असेल, तर लॉक सेट बदलायची वेळ झाली आहे. किल्ली काढल्यावर हँडल दोन्ही बाजूंना हलवून बघायची सवयही लावा. किल्ली फिरते पण खिट्टी बसतच नाही, असं बऱ्याचदा होतं.

जाड साखळी घेतलीत तर ती नुसती चाकातून ओवू नका. चाक आणि चेसिस दोन्हींतून घ्या, आणि जमलं तर खांबाला किंवा ग्रिलला अडकवा. नाहीतर दोघं जण अख्खी गाडी उचलून टेम्पोत टाकतात. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. फरशीवर टेकलेल्या कडीवर हातोडा नीट बसतो, अधांतरी कडीवर बसत नाही. डिस्क लॉक, म्हणजे चाकाच्या ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप, छानच, पण त्याची आठवण म्हणून हँडलला रंगीत दोरी बांधा. लॉक विसरून गाडी काढलीत तर तुम्हीच पडाल.

जागेच्या बाबतीत बहुतेकांचं चुकतं ते सोसायटीत. 'आपल्याच पार्किंगमध्ये आहे' म्हणून रात्री साखळी लावायचा कंटाळा केला जातो, आणि चोराला निवांतपणा नेमका तिथेच मिळतो. एसटी स्टँड, हॉस्पिटल, आठवडी बाजार इथे पाच रुपये वाचवायला गल्लीत गाडी लावण्यापेक्षा पावती देणारं पार्किंग बरं. आणि दूध आणायला 'दोन मिनिटं' म्हणून किल्ली गाडीलाच? कृपा करून नको.

मूळ आरसी बुक डिकीत ठेवू नका. डिजीलॉकरमधली प्रत पोलिसांना चालते. दुसरी किल्ली घरात जपून ठेवा, कारण विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. हे भावाला गाडी गेल्यावर कळलं.

गाडी जागेवर दिसली नाही तर आधी वाहतूक पोलिसांनी उचलली का ते विचारा. तसं नसेल तर लगेच ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी ठाण्यात फिर्याद द्या. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. 'इकडेतिकडे शोधू, मिळेल' म्हणून आठवडा घालवू नका. शेजारच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

विमा कंपनीलाही लगोलग लेखी कळवा. कळवायला उशीर झालाच असेल तरी दावा सोडून देऊ नका. फिर्याद वेळेत दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. फिर्यादीची प्रत, आणि तपास लागला नाही तर पोलिसांचा तसा अंतिम अहवाल, हे दोन कागद मिळेपर्यंत ठाण्याच्या खेपा घालत राहा. आरटीओलाही लेखी कळवून पोच घ्या.