हेडलाइटचे रेंडर: काचेमागची पोकळी आणि रस्त्यावरचा झोत

मोटारीचे थ्रीडी मॉडेल कितीही नेटके असले, तरी रेंडरमध्ये, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने तयार केलेल्या चित्रात, हेडलाइट फसला की सारी गाडी खेळण्यातली वाटू लागते. नवशिके मग प्रकाशाची तीव्रता वाढवत बसतात. उणीव मात्र बहुधा काचेमागच्या पोकळीत असते. म्हणून हेडलाइट आधी विझलेल्या अवस्थेत जमवावा आणि तो भर दिवसाच्या उजेडात पटू लागल्यावरच पेटवावा.

संदर्भासाठी जाहिरातींतील छायाचित्रे टाळलेली बरी, कारण त्यांवर बराच हात फिरलेला असतो. साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या गाडीच्या हेडलाइटमध्ये, अर्थात मालकाला विचारून, जवळून डोकावले तर खोलगट चकचकीत रिफ्लेक्टर, त्याच्या मधोमध एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब, त्या बल्बच्या टोकावरचा अपारदर्शक लेप आणि कव्हरच्या आत तळाशी साचलेली धूळ हे सारे दिसते. मॉडेलमध्ये यातले काहीही गाळू नये.

बाहेरच्या पारदर्शक कव्हरला जाडी देणे ही पहिली अट आहे. एकाच पृष्ठभागाला काचेचे मटेरियल (पृष्ठभागाचे गुणधर्म ठरवणारी मांडणी) लावले, तर सॉफ्टवेअर आतली सगळी पोकळी भरीव काच समजते आणि बल्ब भिंगातून पाहिल्याप्रमाणे वेडावाकडा दिसतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभागाला जाडी देणारा सॉलिडिफाय मॉडिफायर लावून सुमारे ३ मिलिमीटर जाडी द्यावी. हल्लीची कव्हरे पॉलिकार्बोनेटची असतात, त्यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा) १.५८ च्या आसपास ठेवावा; जुन्या काचेच्या दिव्यासाठी १.५२ चालतो.

रिफ्लेक्टरचा आकार अंदाजाने ओढू नये. साध्या रिफ्लेक्टरचा छेद पॅराबोला असतो आणि त्याची खोली म्हणजे त्रिज्येचा वर्ग भागिले नाभीय अंतराची चौपट. म्हणजे त्रिज्या ८० आणि नाभीय अंतर २५ मिलिमीटर असल्यास खोली ६४ मिलिमीटर येते. बल्बची फिलामेंट, म्हणजे आतली उजळणारी तार, नाभीपाशी ठेवली, की समोरून पाहताना जवळजवळ सगळा रिफ्लेक्टर उजळून निघतो. ती थोडी जरी सरकली, तरी मधे काळे डाग पडतात. मटेरियल पूर्ण धातूचे आणि रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) ०.०५ च्या आसपास असावा. भोवताली मात्र प्रतिबिंबित होण्याजोगे काहीतरी हवे, कारण रिकाम्या करड्या पार्श्वभूमीत उत्तम क्रोमसुद्धा शिसे या धातूसारखे मंद दिसते. यवतेश्वर घाटातल्या एखाद्या वळणावर स्वतः टिपलेला एचडीआरआय, म्हणजे भोवतालचा खराखुरा उजेड साठवणारे सर्वदिशीय छायाचित्र, इथे फार उपयोगी पडतो.

पेटवताना कव्हरला एमिशन देण्याचा, म्हणजे ते स्वतःच प्रकाशमान करण्याचा, मोह आवरावा. प्रकाश फक्त फिलामेंटला (एलईडी असल्यास त्याच्या चिपला) द्यावा; त्याचे रंगतापमान हॅलोजनसाठी सुमारे ३२०० केल्विन, एलईडीसाठी ६००० च्या जवळपास. मात्र फिलामेंटचा प्रकाश रिफ्लेक्टरवरून आणि कव्हरमधून रस्त्यावर पोहोचवण्याचे काम ब्लेंडरमधल्या सायकल्ससारख्या रेंडर इंजिनाला जड जाते आणि चित्रात पांढरे ठिपके उसळतात. त्यामुळे रस्त्यावरच्या झोतासाठी कव्हरच्या किंचित पुढे वेगळा स्पॉट लाइट ठेवून त्याला आयईएस फाइल (दिव्याचा प्रकाश कोणत्या दिशेला किती पडतो याची नोंद) जोडणे शहाणपणाचे. लो बीमची, म्हणजे खाली झुकवलेल्या झोताची, वरची कड स्पष्ट, जवळजवळ आडवी असते आणि आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने ती डाव्या बाजूला वर चढते. परदेशी तयार मॉडेलांत ती पुष्कळदा उजवीकडे चढलेली असते. ती न विसरता उलटवावी. दिव्याचा गाभा पांढरा आणि कडा रंगीत राहाव्यात, यासाठी व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेड पडद्यावरच्या रंगांत बदलणारी सेटिंग) एजीएक्स किंवा फिल्मिक निवडावा.

हवेत दिसणारा झोत दृश्याला साजेल तरच दाखवावा. पावसाळ्यात पसरणी घाटातल्या धुक्यासाठी व्हॉल्यूमची (हवेतला धुरकटपणा दाखवणाऱ्या घटकाची) घनता मीटरमागे ०.०१ पासून सुरू करून वाढवत न्यावी. सांगलीकडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे उडालेली धूळ दाखवायची असेल, तर व्हॉल्यूम सगळीकडे न पसरवता चाकांच्या उंचीपर्यंतच दाट ठेवावा आणि त्याला किंचित तांबूस छटा द्यावी. स्वच्छ, कोरड्या रात्री मात्र झोत हवेत जवळपास दिसतच नाही. तो फक्त रस्त्यावर आणि कडेच्या झाडांवर पडलेला दाखवावा.