वाट्यानं रान घेताय? आधी हिशोब मांडा मग बैल जुंपा

आमच्या मिरज-तासगाव पट्ट्यात रान निम्म्या वाट्यानं करायचं म्हंजे बहुतेक सगळं तोंडीच, मालक कागद करत नाय कारण 1948 च्या कूळ कायद्याची धास्ती अजून गेली नाय, उद्या कसणाऱ्याचं कूळ म्हणून नाव लागलं तर काय म्हणून. आणि सातबारा तुमच्या नावावर नसला की पीककर्जाचं अवघडच, मग जावं लागतं अडत्याकडं (बाजारात माल विकून देणारा दलाल) उचल, म्हंजे आगाऊ पैसे घ्यायला.

म्हणून पयलं काम, वाटा ठरवतानाच बेणं कुणाचं, खत कुणाचं, मजुरी, लाईटबिल कुणाचं हे दोन माणसांसमोर बोलून घ्या. हळदीला एकरी साधारण 10 क्विंटल बेणं लागतं, सगळं तुम्हीच घातलं तर निम्मा वाटा नावालाच राहतो बघा.

उचल घेताना 'दोन टक्के' ऐकून खूश होऊ नका, ते महिन्याला असतंय. 40,000 घेतले आणि 10 महिन्यांनी हळद शिजवून, पॉलिश करून सांगलीच्या सौद्यात आली तर 8,000 व्याजच झालं. वर माल त्याच्याच दुकानात घालायची अट, म्हंजे भाव पडला तरी थांबायची सोय नाय (खरी मेख इथंच आहे, व्याजापेक्षा).

घेतलेली रक्कम वहीत तारखेसकट लिहा, त्याची सही घ्या. पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) हातात आली की वजन, हमाली, तोलाई, अडत एकेक ओळ वाचा, लाजू नका. बिनपरवाना सावकार असंल तर तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडं.