जुना व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर: पारखावा कसा, जपावा कसा

पहिल्यांदाच घेत असाल तर ईएल-84 व्हॉल्व्हवर (व्हॉल्व्ह म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी) चालणारा घ्या. 1958 साली इंग्लंडमध्ये आलेला लीक स्टिरिओ 20 हा त्यातला माझा आवडता: चार ईएल-84, तीन ईसीसी-83 हे छोटे व्हॉल्व्ह, आणि एसीचं डीसी करणारा एक जीझेड-34 रेक्टिफायर व्हॉल्व्ह. चॅनलमागे दहा वॅटच्या आसपास ताकद मिळते आणि घरातल्या खोलीला ती पुरते. बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते ठरवणारं व्होल्टेज, आपोआप ठरतो.

विकणारा व्हॉल्व्हच्या काचेवरचा छाप दाखवेल. तिकडे लक्ष देऊ नका, व्हॉल्व्ह आजही मिळतात. ट्रान्सफॉर्मर बघा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) घ्या, त्याच्या प्रायमरीचं, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचं, मधलं टोक धरून दोन्ही बाजूंचा रोध मीटरने मोजा. एक बाजू तुटलेली निघाली तर सौदा सोडा. समुद्रकाठच्या दमट हवेत राहिलेल्या संचात ही बारीक तार गंजून तुटते, आणि ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेणं खर्चिक असतं.

घरी आणल्यावर तीन तारांची वायर लावून चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, अर्थिंग द्या. स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका.

पहिली सुरुवात सिरीज बोर्डवर, म्हणजे लाइन आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये सिरीजमध्ये बल्ब येईल अशा बोर्डवर, 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब लावून. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब उजळून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आता खरी मेख: कपलिंग कॅपॅसिटर, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे फक्त आवाजाचा सिग्नल जाऊ देणारा आणि डीसी अडवणारा कॅपॅसिटर. मलाही हाच भाग सर्वांत जास्त छळायचा. आवाज छान येतो, हम (गुणगुण) नाही, तरी काही महिन्यांत आउटपुट व्हॉल्व्ह संपतात. मग लोक महागडे व्हॉल्व्ह आणतात आणि तेही त्याच वाटेने जातात. ‘मीटरवर कॅपॅसिटर चांगला दाखवतो’ हा सल्ला तर कृपा करून कोणी देऊ नये. साधा मीटर काही व्होल्टांवर तपासतो, प्रत्यक्षात त्या कॅपॅसिटरवर दोन-तीनशे व्होल्टचा ताण असतो. गळती तेव्हाच दिसते. ग्रिडला (व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या जाळीला) 470 किलोओहमचा रेझिस्टर असेल तर एक मायक्रोअँपिअर गळतीनेही ग्रिडवर जवळपास अर्धा व्होल्ट चढतो. बायस बिघडतो, करंट वाढतो, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते.

तपासणी अशी. बल्बवर सगळं शांत असेल तर अॅम्प्लिफायर थेट लाइनवर घ्या. मीटरची काळी क्लिप चॅसिसला, एक हात खिशात, लाल टोक ईएल-84 च्या 2 नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर. डीसी शून्याला चिकटून हवा. अर्धा तास तापू द्या आणि पुन्हा मोजा. गार असताना शून्य दाखवणारे कॅपॅसिटर तापल्यावर गळू लागतात, ही दुसरी मोजणी टाळू नका. व्होल्टेज चढलेलं दिसलं तर बंद करा, तो एक व्हॉल्व्ह काढा, चालू करून थोडक्यात पुन्हा मोजा. तसंच राहिलं तर कॅपॅसिटर दोषी, गेलं तर व्हॉल्व्ह.

जुने कागदी कॅपॅसिटर असतील तर मी मोजत बसत नाही, सगळे बदलतो: तितक्याच मायक्रोफॅरडचे, 630 व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन. ‘मस्टर्ड’ म्हणून ओळखले जाणारे जुने पिवळे कॅपॅसिटर मात्र बहुधा ठणठणीत असतात, ते उगाच काढू नका.

सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी प्लग काढा. फिल्टर कॅपॅसिटरमध्ये (रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये) तीनशेहून जास्त व्होल्ट उरतात आणि ते जीव घेऊ शकतात. 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर लावून रिकामे करा, मग मीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची पद्धत बंद करा.

फिल्टर कॅपॅसिटर बदलताना ‘मोठा तितका चांगला’ असं समजू नका. जीझेड-34 ला लागून पहिला कॅपॅसिटर 60 मायक्रोफॅरडच्या वर नको.

लाइनचं व्होल्टेज आपल्याकडे रात्री 240 च्या वर जातं. मेन्स ट्रान्सफॉर्मरला जास्त व्होल्टेजचा टॅप (जोडणीचं टोक) असेल तर तो वापरा, व्हॉल्व्हच्या फिलामेंटवर 6.3 व्होल्टच्या जवळपास यायला हवेत.

बंद शोकेसमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर लावा, आणि सॉकेट वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या.