पेनड्राइव्हवरचं टूल अँटिव्हायरसने गिळलं तेव्हा

वाशीला सेक्टर १७ मधल्या एका सीएंच्या ऑफिसात पेनड्राइव्ह लावला आणि फाइलींची नावं एकगठ्ठा बदलणारं माझं पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारं) टूल डोळ्यांदेखत गायब झालं. कोपऱ्यात लाल पाटी, 'ट्रोजन'. सर म्हणाले, "अहो, व्हायरस घेऊन आलात की काय?" चार वर्षं वापरतोय हो!

ठाण्याला घरी आल्यावर जपून ठेवलेली प्रत काढून आधी हॅश तपासला. हॅश म्हणजे फाइलीचा ठसा; फाइलीत जरा फेरफार झाला तरी तो बदलतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही कमांड दिली की ६४ अक्षरी एसएचए-२५६ मिळतो. तो बनवणाऱ्याने साइटवर दिलेल्याशी तंतोतंत जुळला. मग व्हायरसटोटल, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून देणारी साइट. ७० च्या आसपास इंजिनांपैकी तिघांचीच तक्रार, तीही 'जेनेरिक', म्हणजे नुसता संशय. गोम निघाली यूपीएक्समध्ये. हा एक्झी (प्रोग्रामची फाइल) आवळून लहान करणारा पॅकर. मालवेअरवालेही तोच वापरतात, मग सुक्याबरोबर ओलंही जळतं.

त्याच टूलची न आवळलेली आवृत्ती उतरवली. आकार तिप्पट, पण कुरकुर नाही. सीएंच्या मशीनवर अख्खा ड्राइव्हच एक्सक्लुजनमध्ये (अँटिव्हायरसने तपासायचं नाही अशा यादीत) टाकायचा मोह झाला होता, तो आवरला; दहा ठिकाणी लागणारा ड्राइव्ह तो. अँटिव्हायरसवाल्यांना फॉल्स पॉझिटिव्हचा (खोट्या इशाऱ्याचा) फॉर्मही भरून पाठवलाय. परवा पुन्हा वाशी, हॅशचा कागद खिशात घेऊनच.