साठीनंतरची पहिली मधपेटी: पाऊस सरताना करायची तयारी

परतीचा पाऊस गेला की मुंबईत मधपेटी आणायचे दिवस सुरू होतात. नारळ, शेवगा, तुळस फुलावर असतात आणि पुढे फेब्रुवारीत गिरिपुष्प, उन्हाळ्यात जांभूळ येते. म्हणजे नवीन वसाहतीला पावसाळ्यापूर्वी सात-आठ महिने मिळतात. मे महिन्यात पेटी विकायला कोणी आले तर घेऊ नका, कारण पुढचे चार महिने तिला पोसण्यातच जातील.

निवृत्तीनंतर गोराई, मनोरी किंवा उत्तनच्या वाडीत लक्ष घालणाऱ्यांना हा उद्योग खरोखर मानवतो. दुधी, काकडी, पडवळ यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात, त्यामुळे माशी फिरली तरच फळ नीट धरते. मला मधापेक्षा हा फायदा मोठा वाटतो.

पण पेटीच्या आधी डॉक्टरांकडे जा. पूर्वी कधी गांधीलमाशी किंवा मधमाशी चावून अंगभर पित्त उठले असेल, घसा आवळला असेल, तर हा नाद सोडा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असेल तर तेही सांगा. ॲलर्जीचा तीव्र झटका आला तर त्या औषधामुळे उपचार अवघड होतात. वाडीत एकट्याने पेटी उघडायची नाही, फोन खिशात हवा.

माशी सातेरीच घ्या. ती इथलीच आहे आणि तिची पेटी लहान, म्हणून उचलायला हलकी. परदेशातून आलेली मेलिफेरा माशी मध जास्त देते खरी, पण तिला फुलोराही मोठा लागतो आणि भरलेली मधकोठी, म्हणजे पेटीचा मध साठणारा वरचा कप्पा, कंबरेला झेपत नाही. इमारतीच्या छज्जाखालचे आग्या माशीचे पोळे काढून पेटीत बसवू म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ती माशी पेटीत राहत नाही.

पेटी दोन फूट उंच घोडीवर ठेवा, म्हणजे वाकावे लागत नाही. सकाळचे ऊन, दुपारची सावली. ऑक्टोबरच्या उकाड्यात सावली नसेल तर सातेरी पेटी सोडून उडून जाते. मुंग्यांसाठी घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. त्यांत डास होतात, म्हणून थोडे जळके ऑइल टाका. माशांना प्यायला वेगळे पसरट भांडे, त्यात खडे, आणि पाणी रोज बदला. डासांसाठी धूरफवारणी होणार असेल तर आदल्या रात्री पेटीच्या दाराला बारीक जाळी लावा आणि धूर विरला की लगेच काढा. सोसायटीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर लेखी संमती आधी घ्या.

तपासणी आठ-दहा दिवसांनी, सकाळी, ऊन पाठीशी घेऊन करा. अंडी तांदळाच्या कणाहून बारीक असतात, वाचायचा चष्मा तोंडावरच्या जाळीच्या बुरख्याच्या आत घाला. राणी दिसलीच पाहिजे असे नाही. ताजी अंडी दिसली तर ती आहे असे समजा. माशीचा काटा अंगात रुतला तर चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा.

पहिल्या वर्षी मध काढू नका, हे मी आग्रहाने सांगतो. तो त्यांचा पावसाळ्याचा साठा असतो. जूननंतर साठा कमी पडला तर साखर आणि पाणी समभाग घेऊन पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्या. बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहती लुटायला येतात. त्याच दिवसांत पोळ्याचे मेण खाणारा मेणकिडा लागतो, म्हणून माशा नसलेल्या पोळ्याच्या चौकटी काढून घ्या आणि पेटीचा तळपाट पुसत राहा.

प्रशिक्षण मात्र पेटीच्या आधी घ्या. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि ती चालवणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय विलेपार्ल्यातच आहे. पुढच्या वर्गांची चौकशी तिथे करा.