बटण दाबलं की नुसतं 'टक्'? आधी अर्थिंग बघा

किनाऱ्यालगत, मालवण-वेंगुर्ल्याकडे, पावसाळ्यात बाइक बटणाने सुरू होईना की लोक थेट नवी बॅटरी घेतात. पुष्कळदा दोष बॅटरीचा नसतो, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या अर्थिंगच्या जोडाचा असतो, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) किंवा इंजिनला जोडते तिथला.

किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, फ्यूज हे आधी तपासून घ्या. मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. बटण दाबताना आकडा १० च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली. पण आकडा टिकतोय, रिले (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) टक् वाजतो आणि स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) हलत नाही? मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून बटण दाबा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थच्या वायरचाच समजा.

ती चेसिसला किंवा इंजिनला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे रंगाखाली गंज धरतो. वरून काही कळत नाही. बोल्ट सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा (जोडताना ती शेवटी). पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन. ग्रीस आधी लावू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने जाते.

जोड स्वच्छ असूनही फक्त टक् येत असेल, तर रिले किंवा स्टार्टरचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) तपासून घ्या.