तक्त्यातली न लिहिलेली शून्याची ओळ

बीए झाल्यावर स्पर्धा परीक्षेच्या तयारीला नाशिकला आले तेव्हा दहावीनंतर मी गणिताचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. निफाड तालुक्यातल्या घरून एसटीने नाशिकचं सीबीएस बसस्थानक, तिथून पायी कॉलेज रोडची अभ्यासिका. गुणोत्तर-प्रमाण आपल्याला येतं, असं मी धरून चालले होते. ३:२ म्हणजे काय, तिरकस गुणाकार कसा करायचा, हे तुम्हालाही येत असणार, ते सोडून देते. मी दोन सराव परीक्षांत आणि मग खऱ्या पेपरात जिथे अडकले, तेवढंच सांगते.

प्रश्न असा होता. नळ सोडल्यावर पिंपात २ मिनिटांनी ७ लिटर पाणी, ४ मिनिटांनी ११, ६ मिनिटांनी १५. मग १० मिनिटांनी किती? मी पाहिलं, दर दोन मिनिटांना चार लिटर वाढतंय. वाढ एकसारखी, म्हणजे समप्रमाण. २ ला ७, तर १० ला ३५. पर्यायांत ३५ होतं, मी गोल भरून मोकळी झाले. बरोबर उत्तर २३.

वाढ सारखी असणं वेगळं आणि गुणोत्तर सारखं असणं वेगळं. हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, तुम्हीही लिहून ठेवा. प्रत्येक ओळीत लिटरला मिनिटांनी भागून बघा: ७ भागिले २ म्हणजे ३.५, ११ भागिले ४ म्हणजे २.७५, १५ भागिले ६ म्हणजे २.५. तिन्ही वेगळे. दुसऱ्या ओळीवरून त्रैराशिक, म्हणजे तीन संख्यांवरून चौथी काढायची रीत, मांडलं असतं तर उत्तर २७.५ आलं असतं, तिसरीवरून २५. एकाच तक्त्यातून तीन उत्तरं निघत असतील तर तिथे समप्रमाण नाहीच. मग आहे काय? तक्ता उलटा चालवा. ६ ला १५, ४ ला ११, २ ला ७, आणि ० ला ३. नळ सोडायच्या आधीच पिंपात ३ लिटर पाणी होतं. ही ओळ पेपरात छापलेली नसते, ती आपणच लिहायची. मग समीकरण आपोआप दिसतं: पाणी = २ × मिनिटं + ३. शेवटचे ते ३ जोवर आहेत तोवर तिरकस गुणाकाराला हात लावायचा नाही.

हे मला क्लासमध्ये समजलं नाही. तिथे 'दहा सेकंदांची ट्रिक' शिकवायचे, आणि ती ट्रिक म्हणजे आपलं जुनं त्रैराशिकच. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत ते प्रमाण, फल, इच्छा अशा नावांनी आलेलं आहे. रीत उत्तम आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. ती कुठे चालते हे न सांगता ती हातात देणं मला आजही पटत नाही.

समजलं ते पिंपळगावच्या वजनकाट्यावर. सुट्टीत अण्णांबरोबर कांदा घेऊन गेले होते. त्यांनी काट्याची पावती माझ्या हातात दिली. भरलेलं वजन ५४ क्विंटल, रिकामं ३४, निव्वळ २०. मी सहज विचारलं, "दुप्पट कांदा भरला असता तर काटा १०८ दाखवेल ना?" अण्णा म्हणाले, "अगं, कांदा दुप्पट झाला म्हणून ट्रॅक्टर दुप्पट होतो का? चौऱ्याहत्तर दाखवेल." मी पावती उलटी करून तिथेच तक्ता मांडला. कांदा ०, काटा ३४. तेच माझे पिंपातले ३ लिटर.

खरं समप्रमाण बघायचं तर द्राक्षबागेतली फवारणी घ्या. १० पीपीएमचं (दहा लाख भागांत १० भाग) जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, करायचं तर १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम. २०० ला २, ५०० ला ५. पाणी शून्य तर पावडरही शून्य, आणि कुठल्याही ओळीत भागाकार ०.०१ च येतो. ग्रॅम = ०.०१ × लिटर. आलेख काढला तर रेषा आरंभबिंदूतून निघते. २० पीपीएमची रेषाही तिथूनच निघते, फक्त दुप्पट चढाची. तक्त्यातला भागाकार, समीकरणातला गुणक आणि रेषेचा चढ ही एकच संख्या आहे, हे ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली.

आलेखात मात्र हाच सापळा वेश बदलून येतो. खऱ्या पेपरात उभा अक्ष ५० पासून सुरू केलेला होता. रेषा कोपऱ्यातून निघालेली दिसली आणि कोपरा म्हणजे आरंभबिंदू असं मी धरलं. तो प्रश्न गेला, आणि त्या वर्षी माझी निवड थोड्या गुणांनी हुकली. त्यामुळे रेषेकडे नंतर बघा, आधी दोन्ही अक्षांवरचा पहिला आकडा वाचा. घाईत हे होत नाही म्हणू नका, दोन सेकंद लागतात.

व्यस्त चलन त्या मानाने सोपं आहे. छाटणीला १२ मजूर ६ दिवस, तर ९ मजूर ८ दिवस. गुणाकार ७२ कायम, आणि आलेख सरळ रेषेऐवजी वक्र, दोन्ही अक्षांना कधीच न टेकणारा.

कला शाखेचे असाल, मध्ये पाच-सहा वर्षं गेली असतील, तर घाबरू नका. यात लागणारं गणित आठवीच्या पलीकडचं नाही. अभ्यासिकेतल्या एका ताईने मला महिनाभर रोज एक आलेख हाताने काढायला लावला, आलेख कागदावर, पेन्सिलीने. मोबाइलवर बघून तो हात बसत नाही. मार्गदर्शक निवडायचा तर असा निवडा, जो उत्तर सांगण्याआधी "शून्याला काय होतं?" विचारतो.

सुरुवात घरच्या वीजबिलापासून करा. त्यात स्थिर आकार असतो, शून्य युनिट जाळलं तरी द्यावा लागणारा. शिवाय १०० युनिटनंतर दर बदलतो. युनिट आडव्या अक्षावर घ्या, रुपये उभ्या, दोन्ही शून्यापासून. रेषा कुठून निघते आणि १०० पाशी तिचं काय होतं ते काढून बघा, आणि मगच सराव संच उघडा.